पोत्याची नोंद आणि माथ्याची

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. त्या जहाजात काय काय होतं, हे आजही सांगता येतं: सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या ८,७०० गाठी आणि सोन्याच्या १२४ लगडी. लगडींचा हिशेब तर पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. गोदीतला गाळ उपसताना एखादी हाती लागली की तिची बातमी व्हायची. माणसं मात्र किती गेली? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, असं सांगितलं जातं; त्यांची नावं निदान हजेरीपटावर होती. त्या दिवशी आसपासच्या गुदामांत ओझी वाहणाऱ्या अनेकांची नावं कुठल्याच पटावर नव्हती.

मालाची काटेकोर नोंद आणि तो वाहणाऱ्याची कसलीच नाही, हा या शहराच्या वखारींचा जुना रिवाज. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. गोद्यांच्या पाठीमागे गुदामांच्या रांगा उठल्या. कापसाचा बाजार कुलाब्याच्या मैदानातून शिवडीकडे हलला; तिथल्या स्टेशनाचं ‘कॉटन ग्रीन’ हे नाव खरं तर कुलाब्याचं. धान्य दाणाबंदरात, मसाले आणि किराणा मशीद बंदरच्या गल्ल्यांत. प्रत्येक गाठीवर मार्का, प्रत्येक पोत्याचं वजन, आणि पेढीवर बसलेल्या मेहताजींच्या वहीत त्याची रीतसर नोंद.

पोती वाहायला माणूस यायचा तो घाटावरून. साताऱ्याच्या पाटण-जावळीतून, जुन्नर-आंबेगावातून. गावच्या नावाने चालणाऱ्या खोल्यांत पथारी आणि खानावळीत जेवण, असा त्याचा संसार. पोतं शंभर किलोचं असणं यात कुणालाच वावगं वाटत नसे. या कामात कसबही होतं आणि पायऱ्याही होत्या. ओझं वाहणारा माथाडी, ते त्याच्या डोक्यावर चढवणारा आणि उतरवून घेणारा वारणार, काट्यावरचा तोलणार, मापं मोजणारा मापाडी. सांडलेलं धान्य झाडून-पाखडून वेगळं करणाऱ्या बायका सगळ्यांत शेवटी, मजुरीतही आणि मानातही. छताला भिडणारी थप्पी अशी लावायची की ढासळता कामा नये आणि आतलं पोतंही ओळखू यावं, हे शिकायला वर्षं जात. इतकं शिकून माणूस फार तर टोळीचा मुकादम होई. मेहताजींच्या गादीपर्यंत जाणारी वाट मात्र नात्यागोत्यातून आणि लिहिता येणाऱ्या हातातून जायची; डोक्यावर पोतं असलेल्याला ती बंदच होती.

स्वातंत्र्यानंतर पहिली फट पडली ती गोदीच्या भिंतीच्या आत. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने जहाजावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची नोंदणी करून त्यांना पाळीने काम देण्याची सोय झाली. परिणाम असा विचित्र की तेच पोतं फाटकाच्या आत नोंदणी झालेला कामगार उचले, आणि फाटकाबाहेर बिननावाचा हमाल.

सरकारचं लक्ष तेव्हा पोत्याकडे होतं, आणि त्याला कारणही होतं. गोरवाला समितीने १९५४ साली ग्रामीण कर्जाची पाहणी मांडली. तिला दिसलं ते असं: शेतकरी सुगीतच पडेल भावाने माल विकतो, कारण त्याच्याकडे ना साठवायला जागा असते ना हातात पैसा. यावर तोडगा म्हणजे सरकारी वखार. १९५६ मध्ये कायदा झाला. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आलं, आणि त्याच वर्षी आजच्या राज्य वखार महामंडळाची सुरुवात झाली. वखारीत माल ठेवला की पावती मिळते आणि ती गहाण ठेवून बँकेकडून कर्ज काढता येतं. या व्यवस्थेने एक नवा नोकरदार जन्माला घातला: धान्यातला ओलावा मोजणारा, थप्पीखाली लाकडी फळ्या घालून घेणारा, कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली धुरी देणारा, साठ्याचा हिशेब ठेवणारा. वखार सांभाळणं हा परीक्षा देऊन मिळणारा पेशा झाला, तो इथून.

म्हणजे पोत्याच्या पावतीवर कर्ज मिळू लागलं, तरी पोतं वाहणाऱ्याकडे स्वतःच्या मजुरीची चिठ्ठीसुद्धा नव्हती. ती मिळायला आणखी बारा वर्षं लागली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील स्वतः अंगमेहनत करत मुंबईत राहिलेले. त्यांनी बाजारपेठांतल्या टोळ्या संघटित केल्या. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नाशीच्या दशकापासून उभी होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात, १९६९ साली, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना गोदीच्या कायद्याच्या वळणाची, पण युक्ती जबरदस्त. हमालाला एक मालक नसतो, दिवसाला दहा असतात. मग सुट्टी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी द्यायचा कुणी? उत्तर असं: मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने टोळीला पगार वाटायचा. कामाचा मोबदला नगावर, वाटणी टोळीत सारखी. रोजंदारीच्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळावी, ही कल्पना त्या काळी किती धाडसाची होती, हे आज पटकन ध्यानात येत नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार नवी मुंबईत तुर्भ्याला गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि पोत्याची जागा कंटेनरने घेतली. गुदामंही शहर सोडून निघाली. मुंबईत माल आणला की जकात. भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती, शिवाय आग्रा महामार्ग दाराशी. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोलीच्या भातखाचरांवर गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. भिवंडीचं आता काय, अशी शंका घेणारे होते. झालं उलटं: प्रत्येक राज्यात कर वाचवण्यापुरतं छोटं गुदाम ठेवायची गरज संपली, कंपन्या मोजकी पण अवाढव्य गुदामं घेऊ लागल्या, आणि भिवंडीचं महत्त्व वाढलं.

आता तिथे पिकर, पॅकर, फोर्कलिफ्ट चालक, शिफ्ट सुपरवायझर असे हुद्दे आहेत. वरच्या खुर्चीवर लॉजिस्टिक्सची पदविका घेतलेले तरुण. स्कॅनरमुळे कुठलं खोकं कुणी कधी उचललं, हे सेकंदासह कळतं. इतकी नोंद ना मेहताजींनी कधी ठेवली असेल ना मुकादमाने. पण ती कंपनीच्या संगणकात असते, आणि माणूस बहुधा कंत्राटदाराच्या यादीवर. कायद्यातलं माथाडीचं काम म्हणजे नक्की कुठलं, फळीवरचा माल यंत्राने उचलला तर लेव्ही लागते का, याचे वाद न्यायालयांपर्यंत गेले आहेत. काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणारेही उभे राहिले, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सगळा कायदाच सैल करा म्हणणारेही. जुन्या टोळ्यांना दोघांशीही भांडावं लागतं.