जी-सूट : मापावर बेतलेली सुरक्षितता

नाशिकजवळील ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. पुढे तेथेच सुखोई-३० एमकेआय विमानेही बांधली गेली. असे विमान वेगात तीव्र वळण घेते, तेव्हा वैमानिकाच्या शरीराचा भार कित्येक पटींनी वाढतो. रक्त पायांकडे ओढले जाते, दृष्टी धूसर होते आणि अखेर शुद्ध हरपते. हे टाळण्यासाठी वैमानिक जी-सूट परिधान करतो.

या पोशाखात पोट, मांड्या व पोटऱ्यांवर हवेच्या पिशव्या असतात. वळणाचा जोर वाढताच विमानातील झडप त्यांत हवा सोडते व ते भाग आवळले जातात. सहनशक्ती त्यामुळे साधारणपणे १ ते १.५ 'जी'ने वाढते.

हा लाभ मापावर अवलंबून असतो. थंड पाण्यातील पाणबुड्याच्या कोरड्या पोशाखात उबदार कपड्यांपुरती जागा लागते; जी-सूटमध्ये मात्र पोकळी घातक ठरते. सूट सैल असल्यास पिशव्या बाहेर फुगतात आणि दाब उशिरा पोहोचतो. फार घट्ट असल्यास श्वास अडतो, पाय बधिर होतात.

म्हणून नेहमीच्या उड्डाणवेशावर सूट चढवून, प्रथम उभे राहून व नंतर बसून माप पाहावे. पोटावरची पिशवी बरगड्यांखाली असावी, गुडघे मोकळे राहावेत, कापडाला चुण्या नसाव्यात. वजनात फरक पडल्यास नाड्या पुन्हा जुळवून घ्याव्यात. ही तपासणी जमिनीवरच करावी. आकाशात त्यासाठी उसंत नसते.