आजीच्या पेटींतील छायाचित्रें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलीं दप्तरें, बखरी, महजर आणि ताम्रपट हीं उभीं राहतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून जुना कागद ही जपून ठेवण्याची वस्तु आहे ही जाणीव महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत हळूहळू रुजली. या जाणिवेचें आपणांवर मोठें ऋण आहे. परंतु या कागदांत घरांतील अर्धीं माणसें जवळ जवळ मुकीं आहेत. दप्तरें लिहिलीं कारकुनांनीं, जपून ठेविलीं वतनदारांनीं, आणि त्यांत ज्यांचे व्यवहार नमूद झाले ते बहुतेक पुरुष. ज्या बायांनीं तीं घरें चालविलीं त्यांचा उल्लेख आलाच, तर अमक्याची स्त्री किंवा तमक्याची मातुश्री एवढाच येतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपुरती ही उणीव कांहीं अंशीं भरून काढणारें एक साधन आज पुष्कळ घरांत पडून आहे. तें म्हणजे कुटुंबांतील जुनीं छायाचित्रें. मात्र हें साधन कागदाहून एका बाबतींत दुबळें आहे. मोडी वाचतां येणारा कोणीही मनुष्य दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र वाचूं शकतो. छायाचित्र वाचावयास त्यांतील माणसांना ओळखणारें माणूस जिवंत असावें लागतें. बहुतेक घरांत तें माणूस म्हणजे आजी. म्हणून आजीची आठवण आणि तिच्या पेटींतील छायाचित्रें हीं दोन निराळीं साधनें नसून एकाच साधनाचीं दोन अर्धीं आहेत, आणि तीं वेळींच जोडलीं नाहींत तर दोन्ही निकामी होतात, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं फ्रान्समध्यें जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती आपल्याकडे आली. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ही कला शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील एक नांवाजलेले छायाचित्रकार होत. तथापि त्या वेळची रीत मोठी कष्टाची होती. कांचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारकोठडींत नेऊन धुवावयाचें. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या कांचा तयार मिळूं लागल्या तेव्हां ही यातायात संपली. त्यानंतर शहराशहरांतून छायाचित्रकारांचीं दुकानें वाढलीं, आणि मुंज, लग्न, परीक्षेंतील यश किंवा विलायतेचा प्रवास अशा निमित्तानें मध्यम स्थितींतील मंडळीही तेथें जाऊं लागली.

तरीही स्त्रियांनीं परक्या पुरुषापुढें बसून आपलें चित्र काढून घेणें ही सहज गोष्ट नव्हती. राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं स्वतंत्र चित्रशाळा काढली व ती एका युरोपियन बाईच्या स्वाधीन केली, यावरून ही अडचण किती खरी होती तें दिसून येतें. आपल्याकडे पडद्याची चाल तितकी कडक नव्हती. पण फोटो काढल्यानें आयुष्य कमी होतें हा समज होता, आणि घरांतील वडील मंडळींची परवानगी तर लागेच.

अशा परिस्थितींत जीं चित्रें निघालीं तीं पाहतांना वाचणाऱ्यानें कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जुन्या कांचांवर तांबड्या रंगाचा परिणाम फारसा होत नसे. म्हणून कपाळावरचें कुंकू काळें दिसतें, आणि विधवेचें तांबडें आलवणही काळें दिसतें. चेहरे गंभीर दिसतात तेवढ्यावरून ती पिढी हंसत नव्हती असें अनुमान करूं नये. बराच वेळ निश्चल राहावें लागे, आणि फोटो काढणें हा विधि मानला जाई. पाठीमागचा रंगविलेला पडदा, संगमरवरी दिसणारा कठडा, तिवईवरील फुलदाणी हीं दुकानदाराचीं असत. कित्येकदां एखाद्या बाईच्या हातांत पुस्तक दिसतें. तेंही दुकानांतलेंच असूं शकतें, आणि तें धरणाऱ्या बाईस अक्षरओळख नसेलही. थोडक्यांत, छायाचित्र हा प्रत्यक्ष पुरावा खरा, पण साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून त्याची साक्ष मानूं नये.

ही उलटतपासणी कशी होते याचें घरचेंच उदाहरण देतों. माझ्या आजीचें लग्न १९३० सालच्या आरंभीं झालें. मुलीचें लग्नाचें वय किमान चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ सालीं मंजूर झाला होता व तो १ एप्रिल १९३० पासून अमलांत यावयाचा होता. तत्पूर्वीं लग्नें उरकून घेण्याची देशभर एकच घाई उडाली होती, तींतलेंच हें एक. त्या वेळच्या छायाचित्रांत आजोबा व आजी शेजारीं शेजारीं उभीं आहेत, आणि आजीचें डोकें आजोबांच्या खांद्याच्याही वर येतें. केवळ चित्र पाहणारा म्हणेल कीं मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असावी. आजीस विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अरे, मी पाटावर उभी आहे. एकावर एक दोन पाट. वर लुगडें सोडून झांकले आहेत." ती तेव्हां अकरा वर्षांची होती. पाट कोणी आणले हेंही तिला आठवत होतें, तिच्या सासऱ्यांनीं. चित्रांत जोडा शोभून दिसावा एवढाच त्यांचा हेतु होता, पण त्यामुळें चार-पांच वर्षांचें वय त्या मुलीच्या अंगावर चढलें.

उलट कधीं आजीच्या आठवणीस चित्र दुरुस्त करी. तिच्या धाकट्या दिरांची मुंज क्वेट्ट्याच्या भूकंपाच्या सालीं झाली असें ती नेहमीं सांगे. तो भूकंप १९३५ च्या मे महिन्यांतला. परंतु मुंजीच्या वेळीं काढलेल्या समुदायचित्राच्या पुठ्ठ्यावर १९३६ सालची तारीख आहे. तारीख दाखविल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग भूकंप झाला तेव्हां नुसतें ठरत असेल." बखर आणि अस्सल पत्र एकमेकांशीं ताडून पाहण्याची जी रीत आपण थोर इतिहासकारांकडून शिकलों, तीच येथें एका पेटीपुढें बसून चालली होती.

आतां या समुदायचित्राविषयीं अधिक सांगितलें पाहिजे. आजोबांचे थोरले बंधु होळकर संस्थानच्या नोकरीसाठीं इंदुरास गेले, आणि चित्राची एक प्रत त्यांच्याबरोबर गेली. दुसरी आमच्या घरीं चौकटींत बसवून भिंतीवर टांगलेली होती. १९६१ सालीं पानशेतचें धरण फुटलें त्या दिवशीं आमचें पुण्याचें बिऱ्हाड पाण्याखालीं गेलें. आजीनें पेटी व ही चौकट तेवढी माडीवर नेली होती, म्हणून तीं वांचलीं. पुढें अनेक वर्षांनीं इंदुरची प्रत पाहण्याचा योग आला, तेव्हां असें दिसलें कीं त्या प्रतींत एक व्यक्ति अधिक आहे. डाव्या कडेला, दाराशीं, डोक्यावरून काळा दिसणारा पदर घेतलेली एक वयस्क बाई बसली आहे. आमच्या प्रतीची ती कड चौकटींत मावावी म्हणून कापलेली होती.

ती बाई म्हणजे आजोबांच्या बालविधवा आत्या. आजीनें सांगितलें कीं तिला चूल, हिशेब आणि अक्षरें या तिन्ही गोष्टी त्यांनींच शिकविल्या. घरांतील अकरा मुलांचीं दुखणींखुपणीं त्यांनींच काढलीं. त्यांचा दुसरा एकही फोटो नाहीं. कड कापणारानें त्यांना मुद्दाम वगळलें असें मी म्हणत नाहीं. चौकट आंखूड होती आणि दोन कडांपैकीं एक कापणें भाग होतें. दुसऱ्या कडेला घरचा एक मुलगा उभा होता. कोणती कड कापावी याविषयीं घरांत कोणाला फारसा विचार करावा लागला नसेल, आणि त्या काळच्या कुटुंबव्यवस्थेविषयीं यांतून जेवढें कळतें तेवढें मोठ्या ग्रंथांतूनही क्वचितच कळेल.

आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे. तींत या आत्याबाई नाहींत, कारण ती वंशावळ पुरुषांची आहे. येथें नांवांचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो वाटतो त्याहून बिकट आहे. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची आपली चाल. न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचें माहेरचें नांव यमुना, डॉ. आनंदीबाई जोशी यांचेंही यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनकर्णिका होत्या. महर्षि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई पुनर्विवाहापूर्वीं गोदूबाई होत्या. हीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, कारण रमाबाईंनीं १९१० सालीं, लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून आणि आनंदीबाई कर्वे यांनीं १९४४ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, आणि डॉ. आनंदीबाईंचें चरित्र इतरांनीं लिहिलें. ज्यांचें कोणी लिहिलें नाहीं त्यांचें माहेरचें नांव त्यांच्या भावंडांबरोबर संपलें.

त्यांत आणखी एक अडचण. आजीच्या पिढीस वडीलधाऱ्यांचीं नांवें घेणें प्रशस्त वाटत नसे, आणि पतीचें तर उखाण्यावांचून नाहींच. चित्रावर बोट ठेवून ती सांगे: हे मामंजी, ह्या वन्सं, हे भावजी, ह्या मोठ्या जाऊबाई. हीं संबोधनें गोड आहेत, परंतु त्यांचा अर्थ बोलणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असतो. इंदुरच्या प्रतीच्या पाठीवर कोणा सुनेनें 'मामंजी व मंडळी' एवढेंच लिहिलें आहे. लिहिणारी कोण हें ठाऊक नसेल, तर चित्रांतील चार वृद्धांपैकीं मामंजी कोणता हें ठरत नाहीं. बोलणारी गेली कीं मामंजी हा शब्द कोणाचाच राहत नाहीं. आम्हीं दोन्ही प्रती एकत्र करून, आजीकडून प्रत्येकाचें सासरचें व माहेरचें नांव विचारून घेतलें, तेव्हां तेवीसांपैकीं एकवीस जणांचीं नांवें लागलीं. तीं नांवें देऊन वाचकांस शिणवीत नाहीं. आमच्या प्रतींच्या पाठीवर तीं आहेत. आत्याबाईंचेंही आहे.

या संदर्भांत एका प्रसिद्ध छायाचित्राची आठवण होते. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनींचें चित्र घेण्यांत आलें. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची, तिसरी सिरियाची. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखांत आहेत. पुढें १८८६ सालीं आनंदीबाईंना पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयास बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या वारल्या. त्या चित्राखालीं कोणीतरी तिघींचींही नांवें व गांवें शाईनें लिहून ठेविलीं आहेत. आज सुमारें एकशें चाळीस वर्षांनीं दमास्कसची ती विद्यार्थिनी अनामिक राहिली नाहीं, याचें पुष्कळसें श्रेय त्या एका ओळीला आहे.

आज चित्रांची मुळींच वाण नाहीं. प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें हजारों चित्रें असतात, आणि पेटींतील जुन्या फोटोची प्रत क्षणांत पुण्याहून इंदुरास किंवा अमेरिकेस जाते. ही सोय उत्तम आहे. आमच्या चित्राची कापलेली कड अशीच परत मिळाली. पण चित्र हजार ठिकाणीं गेलें आणि त्याबरोबर नांव गेलें नाहीं, तर हजार घरांत एक अनोळखी बाई पोंचली एवढेंच. म्हणून ज्यांच्या घरीं आजी आहे त्यांनीं एखादी दुपार तिच्यापाशीं पेटी उघडून बसावें. प्रत्येक चित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें पूर्ण नांव, माहेरचें नांव, गांव आणि साल लिहावें. नात्याचा शब्द नुसता लिहूं नये. चिकट पानांच्या आल्बमांत जुनीं चित्रें लावूं नयेत, कारण तो गोंद कालांतरानें त्यांना खातो. नातेवाइकांकडील प्रती मागवून ताडून पाहाव्या, आणि चौकटींतील चित्र एकदां बाहेर काढून त्याच्या कडा पाहाव्या.

हें काम करण्यास संशोधक असावें लागत नाहीं. मोडी यावी लागत नाहीं. एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो. वेळ मात्र आपल्या हातीं नाहीं. राजवाड्यांना रद्दींत गेलेल्या दप्तरांविषयीं हळहळ वाटे, परंतु वांचलेला कागद कधींही वाचतां येईल ही आशा तरी त्यांना होती. आजीच्या पेटीविषयीं ती आशा धरतां येत नाहीं.