पादत्राणांची स्मृति

पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोहमार्गावर वडगांव व कामशेत यांच्या मध्यें कान्हे हें स्थानक आहे. १८५८ सालीं पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली. तोंवर मावळांतील रयतेचा बहुतेक प्रवास पायींच होई. भाताच्या खाचरांत अनवाणी राबणारा शेतकरी कोरड्या वाटेवर वहाणा घाली आणि पाऊस लागतांच त्या जपून ठेवी. कारण भिजलेलें कातडें फुगतें व कुजतें. पादत्राण निवडावें तें जमीन व ऋतु पाहून, हा त्या वाटांचा पहिला धडा होय.

दुसरा धडा कोल्हापुरी वहाणेचा. हिरडा, बाभळीची साल इत्यादिकांनीं कमावलेल्या कातड्याची ही वहाण नवी असतां चावते. तेल देऊन कांहीं दिवस वापरली म्हणजे मात्र तिच्या तळावर टांच व अंगठा यांचे ठसे उमटतात आणि ती धन्याच्या पायाची होऊन बसते. एकदां धरलेली आकृति कातडें सहसा सोडीत नाहीं.

आज शहरांत विकल्या जाणाऱ्या ‘मेमरी फोम’च्या सपातांची स्मृति याच्या अगदीं उलट आहे. १९६६ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेसाठीं काम करतांना चार्ल्स योस्ट यांनीं हा पदार्थ सिद्ध केला. विमानांतील आसनें अधिक सुखकर व सुरक्षित व्हावींत, हा हेतु. अंगाच्या उष्णतेनें तो मऊ होतो, दाबाखालीं हळूहळू खचतो आणि दाब निघाल्यावर सावकाश पूर्ववत् होतो. तो स्वतःची आकृति स्मरतो, पायाची विसरतो.

मऊपणाचें खरें मोल मात्र दुकानांत नव्हे, तर रुग्णालयांत कळलें. १९४६ सालीं वेल्लोर येथें आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांना आढळलें कीं, कुष्ठरोग्यांच्या तळपायांस पडणाऱ्या जखमा मांस आपोआप झडल्यामुळें होत नसून, वेदना न कळणाऱ्या पायाच्या एकाच जागीं वारंवार दाब पडल्यामुळें होतात. म्हणून तेथें सूक्ष्मछिद्री रबराचा थर असलेलीं पादत्राणें तयार करण्यांत आलीं. त्यांमुळें तो दाब सबंध तळव्यावर वांटला जाई. मधुमेहानें बधिर झालेल्या पायांसहि हाच न्याय लागू पडतो.

सपाता निवडतांना हा इतिहास उपयोगी पडतो. फोम अंगठ्यानें दाबून पाहावा. तो सहज तळाला टेकला, तर देहाचा भार त्याला पेलणार नाहीं. मऊ थराखालीं कणखर तळ हवा, आणि वृद्धांच्या सपातेस टांच धरून ठेवणारा पट्टा असावा. दिवसभरांत पाय किंचित् सुजतात, यास्तव माप संध्याकाळीं घ्यावें. भिजलेला फोम लवकर वाळत नाहीं. मावळच्या पावसांत त्याची गत कातड्याहून फारशी बरी नव्हे. आणि ज्या घरांत बधिर पायांचें वडील माणूस आहे, तेथें बाजारी मऊपणावर न विसंबतां वैद्याचा सल्ला घ्यावा व सपात घालण्यापूर्वीं आंतून रोज हात फिरवावा. बधिर पायाला खडा बोचत नाहीं. तो हातानेंच शोधावा लागतो.