खारे-कर्जुने आणि चांदमारीचे पितळ

आमच्या घरी तोफेच्या काडतुसाची एक पितळी पुंगळी होती. आजी तिच्यात उदबत्त्या ठेवायची. कुठून आली, हे विचारायचे राहूनच गेले. परदेशात चांदमारीवरचे शिसे-पितळ वेचणे हा कित्येकांचा छंद आहे. अहमदनगरजवळ (२०२४ पासून अहिल्यानगर) मात्र त्यावर चुली पेटल्या. १९४८ साली रणगाडा दलाचे केंद्र नगरला उभे राहिले. त्यांच्या सरावाच्या के. के. रेंजला नाव मिळाले ते खारे-कर्जुने गावावरून. काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे, गोळ्याच्या कमरेलाही तांब्याची पट्टी! भंगारवाला वजनावर पैसे मोजतो. पण न फुटलेला गोळाही भंगारासारखाच दिसतो. तो उकलताना तिथे माणसे गेली आहेत. आमची पुंगळीही पुढे भंगारातच गेली. किती पैसे आले, आठवत नाही.