स्टेफी ग्राफ: वडील आणि हिशेब
स्टेफीचे वडील पीटर ग्राफ हेच तिचे पहिले प्रशिक्षक आणि व्यवस्थापकही. ऑगस्ट १९९५मध्ये तिच्या कमाईवरचा कर चुकवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. ते कोठडीत असतानाच १९९६मध्ये हिने फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या! जानेवारी १९९७मध्ये मानहाइमच्या न्यायालयाने पीटरना पावणेचार वर्षांची शिक्षा सुनावली. पैशाचं सगळं वडीलच बघायचे, असं स्टेफीचं म्हणणं. तिच्यावर खटला झाला नाही. पोरीनं खेळायचं की हिशेब बघायचे, असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं विचारलं नाही, तर तो विश्वास. पण अटक झाली तेव्हा ती २६ वर्षांची होती. त्या वयातही न विचारणं हा विश्वासच, की बापाला हिशेब मागायची मुभाच नसणं?