दोन ओबोलांचा प्रश्न

फुकट ते पौष्टिक, असे आपण थट्टेने म्हणतो आणि पैसे न देता मांडवात शिरणाऱ्याला नावे ठेवतो. परंतु या विषयाचा आवाका तेवढाच नाही. ज्याच्या पदरी पैसा नाही त्याला आत बसण्याचा हक्क आहे काय, असल्यास त्याचे पैसे कोणी भरावयाचे, आणि ते भरताना दुसरे कोणते कार्य मागे पडते, हेही प्रश्न त्याच दाराशी उभे असतात. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी अथेन्स या नगरराज्याने ते लोकसभेत आणि न्यायालयात लढविले, आणि त्यांचा निकाल लागेतो शत्रू वेशीजवळ येऊन ठेपला होता.

वसंतात, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, अथेन्समध्ये डायोनायसस देवाचा मोठा उत्सव होई. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर देवाचे आवार होते आणि त्या उतारावरच प्रेक्षागृह. नाटके हा उत्सवाचा गाभा होता, तथापि ती निव्वळ करमणूक नव्हती. पाचव्या शतकात साम्राज्य भरात असताना मांडलिक नगरांनी आणलेली खंडणी याच रंगभूमीवर मांडून दाखवीत. लढाईत पडलेल्या वीरांची मुले नगर आपल्या खर्चाने वाढवी, आणि ती वयात आली म्हणजे शस्त्रे देऊन त्यांना येथेच लोकांसमोर उभे करी. प्रेक्षागृहात बसणे हा अशा रीतीने नागरिक असण्याचाच एक भाग होता.

तरीही आत जावयास पैसे पडत. नाटकाचा मोठा खर्च धनिकांवर असे. वृंदाला शिकविण्याचे व सजविण्याचे काम दरसाल निवडक श्रीमंतांकडे सोपविले जाई. इ. स. पू. ४११-४१० मध्ये अशा एका गृहस्थाने शोकनाट्याच्या वृंदावर तीस मिना, म्हणजे तीन हजार द्राख्मे, खर्च केल्याचे त्याच्या न्यायालयातील भाषणात नमूद आहे. प्रेक्षकाकडून घेत ते पैसे केवळ जागेचे. बैठकांचा मक्ता ज्याने घेतला असे तो दोन ओबोल घेऊन माणसाला बसवी. सहा ओबोलांचा एक द्राख्मा आणि सहा हजार द्राख्म्यांचा एक टॅलंट, असे ते चलन होते. न्यायसभेत पंच म्हणून बसणाऱ्याला दिवसाचे तीन ओबोल मिळत, आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस अक्रोपोलिसवरील देवळाच्या बांधकामावर मजुराला दिवसाकाठी एक द्राख्मा मिळे. म्हणजे एका दिवसाच्या नाटकाला मजुरीचा तिसरा हिस्सा जाई, आणि उत्सव कित्येक दिवस चाले. गरिबाला हा भार हलका नव्हता.

यावर अथेन्सने काढलेला उपाय म्हणजे ‘थिओरिकॉन’, अर्थात प्रेक्षणनिधी. सरकारी तिजोरीतून नागरिकांना उत्सवासाठी पैसे वाटावयाचे आणि त्यांनी ते देऊन नाटक पाहावयाचे. प्लूटार्क या प्रथेचे जनकत्व पेरिक्लीसला देतो. परंतु पाचव्या शतकातील समकालीन लेखनात तिचा उल्लेख सापडत नाही, म्हणून पुष्कळ आधुनिक संशोधक हा निधी चौथ्या शतकातला, युब्यूलस नावाच्या मुत्सद्द्याच्या काळातला मानतात. वाटप नागरिकांच्या नोंदवहीवरून होई. अर्थात गुलाम आणि नगरात स्थायिक झालेले परदेशी यांना त्यातून काही मिळत नसे.

फुकट्यांची जात याही व्यवस्थेत निर्माण झालीच. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रॅस्टसने माणसांच्या स्वभावांचे नमुने लिहून ठेवले. त्यांतला निर्लज्ज मनुष्य परगावच्या पाहुण्यांसाठी जागा घेतो, त्यांच्याबरोबर स्वतः फुकट बसतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांना व त्यांच्या शिक्षकालाही घेऊन येतो. दुसरा एक चिक्कू मुलांना नाटकाला नेतो, पण मक्तेदार ज्या दिवशी फुकट सोडतो त्याच दिवशी. ही माणसे ओळखू येण्यास ग्रीक भाषा शिकावी लागत नाही!

या लबाडीकडे न्यायालय मात्र हसून पाहत नसे. हायपरायडीस हा वक्ता एका नागरिकाची हकीकत सांगतो. त्याचा मुलगा परदेशी होता, तरी बापाने मुलाच्या नावे निधीचे पाच द्राख्मे उचलले. त्याला एक टॅलंट दंड झाला. घेतलेल्या रकमेच्या बाराशे पट! गरिबाच्या हक्काचा पैसा खोट्या नावावर घेणे ही किरकोळ चोरी नसून नगराचा विश्वासघात आहे, अशी पंचांची भावना असली पाहिजे.

उलट प्रतिष्ठितांना पुढच्या रांगेत फुकट बसण्याचा मान होता. पुजारी, अधिकारी, नगराने गौरविलेले पुरुष व परराज्यांचे वकील यांच्यासाठी त्या जागा असत. इ. स. पू. ३४६ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाचे वकील तहासाठी आले तेव्हा उत्सव चालू होता. त्यांना मानाच्या जागा द्याव्यात असा ठराव आणला तो डिमॉस्थेनीसने, फिलिपचा कट्टर वैरी म्हणून पुढे गाजलेल्या वक्त्यानेच! प्रतिस्पर्धी एस्किनीसने पुढे भर न्यायालयात त्याला टोचले, की याने वकिलांसाठी उशा मांडल्या आणि तांबड्या बैठका अंथरल्या. डिमॉस्थेनीसने उत्तर दिले, की मग काय त्यांना दोन ओबोलांच्या जागेत बसवावयाचे होते? पाहुण्याला सामान्यांत बसविणे त्यालाही अशोभनीय वाटत होते.

आता या कथेचा गंभीर भाग येतो. इ. स. पू. ३५५ नंतर अथेन्स युद्धांनी खंगलेले होते. युब्यूलसच्या धोरणाने घडी बसली. एका भाषणात उत्पन्न एकशे तीस टॅलंटांवरून चारशेवर गेल्याचा उल्लेख आहे. परंतु खर्च भागून उरलेली शिल्लक कायद्याने प्रेक्षणनिधीकडे जाऊ लागली. त्याच सुमारास फिलिप उत्तरेकडची नगरे एकामागून एक गिळीत होता. इ. स. पू. ३४९ मध्ये त्याने ऑलिंथसकडे मोर्चा वळविला आणि ऑलिंथसने अथेन्सकडे साहाय्य मागितले.

डिमॉस्थेनीसने लोकसभेत सांगितले, की पैसा आहे, पण तो तुम्ही उत्सवात वाटून घेता. तथापि वाटप बंद करा, असा ठराव त्याने सरळ मांडला नाही. आधी कायदा बदलणारे मंडळ नेमून तो कायदा रद्द करवा, कारण तसे न करता ठराव मांडणाऱ्याचा घात होईल, असे त्याने सुचविले. ही भीती अनाठायी नव्हती. अपोलोडोरस नावाच्या सदस्याने शिल्लक युद्धाकडे वळवावी की उत्सवाकडे, हे लोकांनीच मतदानाने ठरवावे असा ठराव आणला. त्याच्या पक्षाचे म्हणणे असे, की मत युद्धाच्या बाजूने पडले आणि विरोध कोणीच केला नाही. पण पुढे ठराव बेकायदेशीर ठरला. फिर्यादीने पंधरा टॅलंट दंड मागितला, पंचांनी एक टॅलंट केला. इ. स. पू. ३४८ मध्ये ऑलिंथस पडले, फिलिपने ते उद्ध्वस्त केले आणि रहिवासी गुलाम म्हणून विकले.

शेवटी इ. स. पू. ३३९-३३८ मध्ये डिमॉस्थेनीसच्या ठरावाने सर्व शिल्लक युद्धखात्याकडे गेली. इ. स. पू. ३३८ च्या उन्हाळ्यात कायरोनियाच्या मैदानावर अथेन्स आणि थीब्झ यांचा पराभव झाला.

मग नाटकाच्या नादाने अथेन्स बुडाले काय? प्राचीन लेखकांपैकी काहींनी तसा ठपका ठेवला आहे. आपण हिशेब करून पाहू. पंधरा हजार माणसांना दोन ओबोल दिले, तर दिवसाला पाच हजार द्राख्मे, म्हणजे टॅलंटाहून कमीच, लागतात. दोनशे खलाशांची एक युद्धनौका रोज माणशी एक द्राख्मा वेतनाने महिनाभर समुद्रावर ठेवावयास एक टॅलंट लागे. पाच दिवसांच्या वाटपात पाच नौकाही महिनाभर पोसल्या गेल्या नसत्या. उत्सव आणखीही होते, हे खरे. पण या निधीच्या अधिकाऱ्यांनी गोद्या, शस्त्रागार आणि रस्तेही बांधले, अशी कबुली खुद्द एस्किनीस देतो. गरिबाचे दोन ओबोल हे पराभवाचे कारण म्हणता येत नाही.

डेमाडीस नावाच्या पुढाऱ्याने या निधीला लोकशाहीचे सांधे जोडणाऱ्या सरसाची उपमा दिली होती. डिमॉस्थेनीसच्या नावावरील पुढच्या एका भाषणातही सूर पालटलेला दिसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना पोसणे जसे मुलांचे कर्तव्य, तसे सर्व नागरिकांना पोसणे हे नगराचे. श्रीमंतांनी गरिबांच्या वाट्यावर डोळा ठेवू नये आणि गरिबांनी श्रीमंतांच्या मालमत्तेवर, असा तेथला उपदेश आहे. कायरोनियानंतर, इ. स. पू. ३३७-३३६ मध्ये, तोच डिमॉस्थेनीस प्रेक्षणनिधीचा अधिकारी होता!

माझ्या मते अथेन्सचा दोष गरिबाला नाटक दाखविण्यात नव्हता. ते त्या नगराचे भूषणच होते. दोष होता तो त्या पैशाचा फेरविचार करणे धोक्याचे करून ठेवण्यात. अपोलोडोरसने पैसे हिसकावले नव्हते, त्याने लोकांना विचारले होते, आणि विचारण्याबद्दल तो दंडास पात्र ठरला. सवलत देणाऱ्या राज्याने ती का दिली आणि संकटात ती किती काळ थांबवावी, हे उघडपणे बोलता येण्याची सोय ठेवली पाहिजे. अथेन्सला तो निर्णय अखेर घ्यावाच लागला. ऑलिंथसची हाक आली तेव्हा तो घेता आला असता. प्रत्यक्षात तो दहा वर्षांनी झाला, आणि तोवर निवड करण्याजोगे फारसे काही अथेन्सच्या हाती उरले नव्हते.