सड्यावरचा आउटबॅक

तर झालं असं, की माझा दादा पर्थला असतो आणि दोन वर्षांपूर्वी त्याने वहिनी-पोरांना गाडीत घालून उत्तरेकडे दीडेक हजार किलोमीटर रपेट मारली. रोज फोटो. लाल माती, लाल दगड, वर निळं आकाश, बास. बाबांची प्रत्येक फोटोवर एकच कॉमेंट, "ह्यात काय बघूचा? आपलो सडो असोच दिसता." (एरवी आमचं घर पक्कं पुणेरी झालंय. मालवणी फक्त टोमण्यापुरती उरलीय.)

या जानेवारीत दादा सहकुटुंब आला तेव्हा बाबांनी जाहीर केलं, आता आमचा आउटबॅक बघा. शुक्रवारी हापिसातून लवकर सटकलो, भाड्याची सात सीटर काढली. कोल्हापुरात तांबडा-पांढरा, फोंडा घाट उतरून कणकवली, पुढे मालवण. ट्रिपचं खरं कारण मात्र वेगळं होतं. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी सड्यावर सामाईक जमीन आहे आणि तिला एका चिरेखाणवाल्याने बरा भाव लावला होता. काकांना विकायची होती. घराचं छप्पर गळतंय, चुलतबहिणीच्या कॉलेजची फी आहे, आणि सड्यावर पिकतं काय, दगड! त्यांचं चूक नाही. बाबांची सही अडली होती.

बाबांचा टोमणा तसा खरा आहे. दोन्हीकडचा लाल रंग गंजलेल्या लोखंडाचा. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे आपला जांभा सायबाच्या भूगर्भशास्त्रात शिरला तो बांधकामाचं सामान म्हणूनच. फरक एवढाच, की तिकडचं वाळवंट पाण्याविना ओसाड, तर आपल्या सड्यावर वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण कातळावर मातीच ठरत नाही. चार महिने गवत-फुलं, आठ महिने आउटबॅक.

शनिवारी कुडोपीला गेलो. हेही मालवण तालुक्यातच. भर दुपारी सड्यावर पोचलो (चूक नं. १) आणि काहीच दिसेना. पोरं कंटाळली, आईने डबे उघडले. लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या एक आजी थांबल्या. "बाहुल्यो बघूक इलास? मगे उन्हा उतरांदेत. पांडवांनी काढलेली ती, एका रातीत."

साडेचारला ऊन तिरपं झालं, रेषांमध्ये सावली भरली आणि पायाखालचा कातळ एकदम बोलायला लागला. माणसांच्या आकृत्या, चौकटी, नक्षी. आम्ही दोन तास त्यांच्यावरच बसून भाकऱ्या खाल्ल्या होत्या!

सिंधुदुर्गातली ही कातळशिल्पं अभ्यासकांपुढे आणली ती सतीश लळीत यांनी. २००१ मध्ये हिवाळे, पुढे कुडोपी. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी सडेच्या सडे पायी पालथे घातले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ जागा गेल्या: रत्नागिरीतल्या सात, गोव्यातली एक आणि सिंधुदुर्गातून फक्त कुडोपी. वय? दगडाला कार्बन डेटिंग लागू होत नाही. पण कशेळीला अठराएक मीटर लांबीचा हत्ती आहे, काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात नसलेला गेंडा बघितल्याशिवाय कोण कशाला कोरेल? त्यावरून दहा हजार वर्षं आणि मागे, असे अंदाज बांधले जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड शाबूत आहे, कॉमेंट एकही नाही. पांडव ही नंतर कुणीतरी टाकलेली कॉमेंट. चुकीची असेल, पण मला वाटतं, तिच्यामुळेच इथे पहारीचा घाव घालताना माणूस दोनदा विचार करत असणार.

दादा मघापासून गप्प होता. मग म्हणाला, त्याची ती रपेट मुरुजुगापर्यंत होती. तिथे लाल दगडांवर लाखो कोरीव चित्रं आहेत, काही पन्नास हजार वर्षांपूर्वीची असावीत असं मानतात. २०२५ मध्ये त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण १९६०च्या दशकात तिथेच लोहखनिजाचं बंदर झालं, मागून गॅसचे कारखाने आले, आणि त्यात बरेच दगड फुटले, हलवले गेले. आणि त्याच भागातल्या जुकन गॉर्जमध्ये २०२० च्या मे महिन्यात खनिजासाठी सुरुंग लावून दोन गुहा उडवल्या. तिथे माणसाचा वावर ४६ हजार वर्षं जुना. परवानगी कायदेशीर होती. दादाने त्या रपेटीत खाणींचेही फोटो काढले होते, आम्हाला पाठवले नव्हते एवढंच.

रविवारी आमच्या सड्यावर. मी, दादा, बाबा, ऊन तिरपं होईपर्यंत थांबलो आणि झाडूने धूळ सारत अंधार पडेस्तोवर फिरलो. हत्ती नाही, बाहुली नाही. एका कोपऱ्यात ओळीने पाच गोल खळगे सापडले. पाण्याने झालेले की कुणी केलेले, कोण सांगणार? मी म्हटलं पाण्याने. बाबा म्हणाले, "पाणी ओळीत खड्डे करता?"

घरी पोचताच काकांनी विचारलं, "काय गावला?"

"पाच खड्डे," बाबा म्हणाले आणि घरामागच्या चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन बसले.

सही झालेली नाही. खळग्यांचे फोटो एका जाणकारांना पाठवलेत. काका तीन आठवडे बाबांचा फोन उचलत नाहीयेत.